जायफळ, चिकोरी, टाकळा

मराठी घरात कॉफी कधी एकटी आली नाही. तिच्याबरोबर जायफळ आलं, वेलची आली, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेली चिकोरी आली. आमच्या खर्डीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये तर जिच्यात कॉफीचा एकही दाणा नाही अशी कॉफी पिऊन माणसं म्हातारी झाली. या सगळ्या घातलेल्या, मिसळलेल्या, बदली आलेल्या वस्तूंचा इतिहास मला लिहावासा वाटला तो माझ्या भाचीमुळे. ती अमेरिकेतून येताना कॉफीच्या दाण्यांच्या मोठ्या पिशव्या घेऊन आली, एक हेझलनटच्या वासाची आणि एक व्हॅनिलाच्या. प्रेमानं आणलेल्या. पण मला ती कॉफी जाईना. दूध घालून, साखर घालून, काळी करून पाहिली, तरी घोट घेतला की आधी अत्तर आणि मागून कडवटपणा. इतका चांगला भाजलेला दाणा टाकून देणं मला जमणारं नव्हतं. मग तो संपवायचा कसा हे शोधताना आमच्या घरातल्या बायका नको असलेल्या, शिळ्या किंवा अपुऱ्या कॉफीचं काय करत होत्या, ते एकेक आठवत गेलं.

खर्डी हे मध्य रेल्वेवर आटगावच्या पुढचं, कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. लोहमार्ग १८५४ साली कल्याणला, पुढच्या वर्षी वाशिंदला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोचला. पुढे थळ घाट फोडून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. त्याआधीपासून आग्रा रोड होताच. म्हणजे मुंबईहून नाशिककडे जाणारं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पोतं आमच्या दारावरून गेलं आहे. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि इथल्याच रेल्वेवाल्यांच्या घरात सून म्हणून आले. माझे सासरे कसाऱ्याला कामाला होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, त्या कामावर. इगतपुरीला रेल्वेची मोठी वसाहत होती. तिथे गोरे, अँग्लो-इंडियन, गोव्याचे, दक्षिणेकडचे असे सगळ्या तऱ्हेचे लोक राहत. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी घरी सासऱ्यांनी पहिल्यांदा कॉफी घेतली, असं सासूबाई सांगायच्या. गावात तेव्हा चहासुद्धा रोजचा नव्हता.

कॉफी आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सर टॉमस रो याच्याबरोबर आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवलं आहे, की इथले धर्म कडक पाळणारे बरेच लोक दारूऐवजी कॉफी पितात. ती चवीपेक्षा तब्येतीलाच जास्त चांगली, असं त्याचं मत होतं. मोखा बंदरातून गलबतं सुरतेला येत आणि त्यांत कॉफी असे. बाबा बुदन यांनी याच शतकात अरबस्तानातून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, ही कथा सर्वांना माहीत आहे. पण सुरतेची आणि डोंगरातली ती कॉफी कोकणपट्टीच्या मागच्या या भातशेतीच्या मुलखात मुरली नाही. इथे ती आली डब्यातून, आणि तो डबा होता पोलसनचा.

आज पोलसन म्हटलं की जुन्या माणसांना लोणी आठवतं. लोणी नंतरचं. पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी मुलानं १८८८ च्या सुमारास, मिसरूड फुटायच्या वयात, मुंबईत कॉफी भाजून दळून विकायला सुरुवात केली. त्यांचं टोपणनाव पॉली, त्यावरून पोलसन. त्यांच्या कॉफीत चिकोरी असे. चिकोरी म्हणजे एका झुडपाचं मूळ. ते वाळवून, भाजून, दळून घातलं की पेयाला काळा रंग आणि दाटपणा येतो, आणि कॉफी कमी लागते. ही युक्ती युरोपची. नेपोलियननं १८०६ मध्ये इंग्लंडशी व्यापार बंद केला, वसाहतींतली कॉफी मिळेनाशी झाली आणि फ्रान्सच्या घराघरात चिकोरी शिरली. त्याच्याही आधी, १७८१ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं खासगीत कॉफी भाजायला बंदी घातली होती आणि गल्लोगल्ली वास घेत फिरणारी माणसं नेमली होती. तिथल्या गरिबांनीही मग मुळं आणि धान्यं भाजून प्यायली. आपल्याकडे आता चिकोरी गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. पूड पारखायची असेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घेऊन वर चिमूटभर टाका. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी मात्र तपकिरी रेघ सोडत खाली जाते. हा प्रयोग मी सातवीच्या वर्गात मुलांना करून दाखवत असे.

सासरे पगाराला दादरला गेले की डबा आणत. तो उघडायचा मुहूर्त ठरलेला: एकादशी, कोणाचा ताप उतरल्यावरचा पहिला घोट, भजनाचं जागरण आणि मुंबईहून येणारे पाहुणे. उपवासाला कॉफी चालते, हे आमच्याकडे कोणी कधी तपासून पाहिलं नाही, ते होतंच. म्हणजे एक डबा महिनोन्‌महिने चाले. आता खर्डीचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत भिंती ओल्या, मीठ पाझरतंय, काडेपेटी पेटत नाही. अशा हवेत दळलेल्या कॉफीचं काय होणार? भाजून दळलेल्या कॉफीचा वास काही आठवड्यांत उडतो. ओल लागली तर त्याहून लवकर. श्रावणातल्या एकादशीला डब्यात उरलेलं असे ते काळं, गुठळ्या झालेलं, रंग देणारं पण वास नसलेलं चूर्ण.

इथे जायफळ येतं. जायफळाचं काम दुरुस्तीचं होतं, असं माझं ठाम मत आहे. हॉटेलातल्या मेनूकार्डावर आज ते थाटानं छापलेलं असतं, पण आमच्या सासूबाईंनी ते थाटासाठी घातलं नाही. जायफळ अखंड असेपर्यंत त्याचा वास आत कोंडून राहतो, वर्षानुवर्षं राहतो. किसलं की त्या क्षणी बाहेर पडतो. म्हणजे पूड शिळी असली तरी कपात ताजं असं काहीतरी पडतंच. शिवाय ते विकत आणायला लागत नसे, ते घरात असेच. ज्या घरात तान्हं मूल, त्या घरात बाळगुटी. बाळगुटीत जायफळ आलंच, आणि ते उगाळायची सहाणही आली. पुरणाला, श्रीखंडाला, लापशीला तेच फळ. सासूबाई किसणी वापरत नसत. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून जायफळाचे वळसे घेत आणि ते गंध बोटानं कॉफीच्या पातेल्यात सोडत. चार माणसांना पाच-सहा वळसे, त्याहून जास्त नाही. ते प्रमाण त्या कसोशीनं पाळत आणि त्यांचं बरोबर होतं. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. जास्त पोटात गेलं तर गरगरतं, मळमळतं, जीव घाबरा होतो.

हे फळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. त्यासाठी डचांनी १६२१ मध्ये तिथल्या लोकांची कत्तल केली आणि १६६७ च्या तहात इंग्रजांनी रन नावाच्या चिमुकल्या जायफळी बेटावरचा हक्क सोडला, तेव्हा मॅनहटन त्यांच्याकडे राहिलं. आता ते आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नारळी-पोफळीच्या सावलीत होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद', 'कोकण श्रीमंती' अशा जाती दिल्या आहेत.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा कॉफीची परदेशी गिऱ्हाइकं तुटली. त्याआधीच, १९३६ साली, कॉफीचा खप देशात वाढावा म्हणून मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं होतं. १९४२ च्या कायद्यानं सगळ्या मळेवाल्यांची कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा होऊ लागली आणि बोर्डच ती विकू लागलं. ही पद्धत नव्वदच्या दशकापर्यंत चालली. युद्धाच्या दिवसांत कॉफी मिळे, पण साखर मिळेना. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि आमच्या घरात कॉफीत गूळ आला. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटतं, म्हणून कॉफी उतरवून, जरा निववून मग किसलेला गूळ घालायचा. साखर परत आली तरी सासऱ्यांनी गूळ सोडला नाही.

आता भाचीच्या पिशव्यांकडे येते. वास दिलेली कॉफी कशी करतात ते तिनंच मला वाचून दाखवलं. दाणे भाजून निवत आले की मोठ्या फिरत्या पिंपात घालतात आणि वरून वासाचं द्रव सोडतात, शंभर किलोला साधारण दोन-तीन किलो. ते प्रॉपिलिन ग्लायकॉलसारख्या द्रवात विरघळवलेलं असतं, म्हणजे दाण्यावर सारखं पसरतं. हेझलनटच्या वासाचा मुख्य भाग फिल्बर्टोन नावाचं एक रसायन, व्हॅनिलाचा व्हॅनिलिन. या कामाला फार उंची दाणा कोणी घालत नाही, कारण वरचा वास आतल्या दाण्याला झाकूनच टाकतो. इथपर्यंत ऐकलं आणि मला हे सगळं ओळखीचं वाटलं. वास नसलेल्या कॉफीला वास द्यायचा, हे आम्हीही केलंच होतं. फरक इतकाच, की सहाणेवरचे वळसे सासूबाई मोजत होत्या. आज डबा नवा आहे, वास आहे, तर जायफळ नको, हे त्या ठरवू शकत होत्या. या दाण्याच्या बाबतीत ते ठरवणं हजारो मैलांवर आधीच होऊन गेलेलं असतं. वास काढून घेता येत नाही. मग उरतं ते त्याला पातळ करणं, गार करणं, किंवा त्याला शोभेल अशा पदार्थात नेणं.

दळण्यापासूनच जपावं लागतं. मसाल्याच्या मिक्सरमध्ये हे दाणे घालू नयेत. त्यांचं तेल भांड्याच्या रबरी कडीत बसतं आणि पुढचे आठ दिवस खोबऱ्याच्या वाटणाला व्हॅनिला लागतो. मी ते लोखंडी खलबत्त्यात कुटले. जाडसर कुटलेली पूड रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळली, की कडवटपणा कमी उतरतो. गार प्यायलं की वासही कमी जाणवतो, कारण वास उडायला ऊब लागते. उन्हाळ्यात, पाण्याच्या टँकरची वाट बघण्याच्या दिवसांत, गार दूध आणि हे पाणी असं शाळेतून येणाऱ्या नातवंडांच्या आयांना दिलं, तर त्यांनी आवडीनं घेतलं. (तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या तालुक्यात आणि शेजारी, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरही आमच्याच वाड्यांवर. हा कॉफीचा विषय नाही, पण पाण्याचा पेला हातात घेतला की लिहिल्यावाचून राहवत नाही.) गरम प्यायची असेल तर चिकोरीची साधी फिल्टर पूड तीन भाग आणि ही एक भाग. त्यात जायफळ मात्र घालू नये. दोन वास एकमेकांच्या अंगावर येतात. वेलचीही नको.

खरी गती मिळाली ती नाचणीत. भाजलेल्या नाचणीला स्वतःचा एक दाण्याचा, खमंग वास असतो. हेझलनट त्याला उपरा वाटत नाही. नाचणीचं पीठ तुपावर भाजून, त्यात अगदी मऊ दळून वस्त्रगाळ केलेली पूड, गूळ आणि थोडं सुकं खोबरं घालून लाडू वळले. किलोभर पिठाला दोन मोठे चमचे पूड पुरते. व्हॅनिलाची पिशवी नारळाच्या वड्यांमध्ये गेली, पाक होत असतानाच दोन चमचे कडक काढा घालून. वड्या फिक्या तपकिरी होतात आणि लग्नाघरी नेल्या तर पहिल्या संपतात. गाळून उरलेला चोथा उन्हात वाळवला आणि तो फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पावसाळ्यात ट्रंकेत ठेवला. कपड्यांचा कुबट वास त्यानं ओढून घेतला.

पण या सगळ्यात मला सर्वात मोलाचं काही शिकवलं ते टाकळ्यानं.

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की खर्डीच्या रस्त्यांच्या कडेला, बांधांवर, शाळेच्या कुंपणाला टाकळा उगवतो. विदर्भ-मराठवाड्यात त्याला तरोटा म्हणतात, वैद्य चक्रमर्द म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी सगळेच खातात. ठाकूर आणि कातकरी बायका वाटे करून स्टेशनबाहेर विकायला बसतात. संध्याकाळ झाली की पानं मिटतात. भाद्रपदात पिवळी फुलं येतात, दसरा-दिवाळीला बारीक, लांब, विळ्यासारख्या वाकलेल्या शेंगा वाळतात. आत तपकिरी, चकचकीत, दगडासारखं कडक बी. हे बी मातीच्या खापरात मंद भाजायचं. आधी तडतडतं, मग वास सुटतो, आणि तो वास भाजलेल्या कॉफीच्या इतका जवळ जातो, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. जात्यावर दळून, पाण्यात उकळून, गुळाबरोबर कोरी प्यायची. दूध या वाड्यांवर कधीच पुरेसं नव्हतं, म्हणून चहाही कोरा आणि ही कॉफीही कोरी. यात कॅफिन नाही, त्यामुळे झोप उडत नाही. चीन आणि जपानमध्येही याच्या आणि याच्या सख्ख्या जातीच्या भाजलेल्या बियांचा काढा पिढ्यान्‌पिढ्या पितात.

एक गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा रस्त्याकडेला शेजारीच उगवतो. त्याच्याही भाजलेल्या बियांची कॉफी जगात बऱ्याच ठिकाणी केली गेली आहे, पण त्याचं कच्चं बी विषारी आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलं ते खाऊन मेंदू, यकृत आणि स्नायूंच्या आजारानं दगावत होती आणि त्याचं कारण कळायला डॉक्टरांना वर्षं लागली. टाकळ्याच्या पानाला पानुल्यांच्या तीन जोड्या असतात, टोकाला गोल. कासविंद्याच्या जोड्या जास्त, पानुली टोकदार, आणि पान चुरडलं तर घाण वास येतो. ज्याला हा फरक डोळे मिटून सांगता येतो त्याच्याकडूनच बी घ्यावं.

मला ते सांगणारी आजी जवळच्या ठाकूरवाडीत राहते. तिच्या नातींना मी शिकवलं आहे, म्हणून ती मला 'बाई' म्हणते. तिला मी हेझलनटची कॉफी कोरी करून दिली. तिनं पेला नाकाशी नेला, खूश झाली, घोट घेतला आणि म्हणाली, "बाई, वास लय ग्वाड हाय, पन तोंडात काय येईना." दोष नेमका हाच होता आणि मला तो इतके दिवस शब्दांत धरता आला नव्हता. वास वरच्या वर राहतो, जिभेला धरून काही नाही. तिनं घरातून भाजलेल्या टाकळ्याची पूड आणली, माझ्या पातेल्यात मूठभर टाकली आणि वर गुळाचा खडा. टाकळ्याला वास बेताचा पण अंग भरपूर: काळा, थोडा मातकट, कडवट घोट. हेझलनटला वास भरपूर आणि अंग नाही. दोन्ही मिळून जी कॉफी झाली ती मी आजवर प्यायलेल्या चांगल्या कॉफींपैकी एक होती. उरलेली सगळी पिशवी आम्ही अशीच संपवली, अर्धी टाकळा, अर्धी परदेशी.

वाडीवर आता टाकळा भाजणारी म्हातारी माणसंच उरली आहेत. तरुण बायका बी गोळा करतात, पण ते थेट व्यापाऱ्याला घालतात. टाकळ्याच्या बीपासून डिंकासारखं घट्ट करणारं एक द्रव्य निघतं आणि परदेशात कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यात ते वापरतात. त्यामुळे बीला गिऱ्हाईक आहे, आणि बायकांना दिवाळीला रोख पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. पण भाजायला घरात बी राहत नाही. खापरात ते किती वेळ ठेवायचं, तडतड थांबल्यावर आणखी किती परतायचं, हे आजीच्या हाताला माहीत आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. या दिवाळीनंतर मी तिच्याकडून पायलीभर बी घेणार आहे, व्यापारी देईल त्याहून जास्त भावानं, आणि भाजणं तिच्या ओट्यावर बसून शिकणार आहे. तिच्या नातींनाही त्या दिवशी सुट्टी काढून यायला सांगितलं आहे. भाचीला कळवलं आहे, की पुढच्या खेपेला दाणे आणशील तर साधे आण, वास इथे घालू.